ब्रेक दाबला की विझणारा दिवा

"त्याला उलटून बोलू नकोस रे. थोरला आहे तो. त्याचं चुकलं तरी चारचौघांत त्याची मान खाली जाऊ देऊ नकोस."

आई हे म्हणाली तेव्हा तिच्या मुठीत त्याचा हात होता, तोही डावाच. आई गेली त्याला जमाना झाला. चेहरा आठवायला आता फोटो उतरवून बघावा लागतो. आवाज मात्र कानातच राहायला आलेला. शाळेच्या व्हॅनखाली पोतं अंथरून पडल्यापडल्या डावऱ्याला तो पुन्हा ऐकू आला, कारण पलीकडे थोरला बोलत होता.

"वायरिंग सगळं ह्याच्याकडे असतं, ताई. मी आपला गिऱ्हाईक सांभाळतो. वय झालं आता त्याचंही. चुकतो हात एखाद्या वेळी."

व्हॅन चालवणारी बाई रात्रभर न निजलेल्या माणसासारखी दाराला टेकून उभी होती. काल अंधार पडता पडता शाळेच्या फाटकापाशी तिने ब्रेक दाबला, मागून येणाऱ्या टेम्पोला काही कळलंच नाही, तो येऊन आदळला. मागच्या बाकावरच्या लहानग्याचा हात मोडला. दोघा भावांच्या गॅरेजवरून व्हॅन गेली की काचेला नाक चिकटवून हात हलवणारं तेच पोर. डाव्या हाताने हलवायचं. "मामा, मीपण डावरा," असं एकदा ओरडूनही गेलं होतं.

"ताई, दिवे लावा," डावऱ्या बाहेर येऊन म्हणाला. "हां. आता ब्रेक."

मागचा लाल दिवा मिणमिणत होता. पाय पडताच भडकायचा सोडून तो विझला. पाय उचलला, पुन्हा मिणमिणला.

"पुढे काय होतंय, दादा?"

"इंडिकेटर लागतोय बारीकसा. भुताटकीच आहे ही," थोरला हसला. एकटाच हसला.

भुताटकी नव्हती. दिव्यातून निघालेल्या करंटला परत घरी न्यायची एक काळी वायर असते, गाडीच्या पत्र्याला कसलेली. ती वाट तुटली की करंट वाट चुकलेल्या वासरासारखा ह्याच्या त्याच्या दारात शिरतो. डावऱ्याने वायरीचा एक तुकडा घेतला, एक टोक दिव्याच्या काळ्या वायरीला लावलं, दुसरं उघड्या लोखंडाला. दिवा लखकन पेटला. मग तो त्या काळ्या वायरीचा माग काढत पुन्हा गाडीखाली सरकला.

बंपरच्या आत बोल्ट सापडला. करंट अडवणाऱ्या रंगाच्या जाड थरावरच कसलेला. चार दिवस कसाबसा टेकला असेल, मग हादऱ्यांनी सुटला. डावऱ्या कधी रंगावर बोल्ट कसत नसे. पातं घेऊन पत्रा खरवडायचा, आरशासारखा चकाकला की मगच बोल्ट. बोल्टच्या वर वायरीला टेप गुंडाळलेला जॉइंट होता. टेप सोडवायला त्याची बोटं सवयीने फिरली आणि टेप सुटण्याऐवजी आवळली.

तो तसाच पडून राहिला.

त्याची टेप उलटी फिरते, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं. दुसरा मेकॅनिक त्याचा जॉइंट उघडताना वैतागायचा, "डावऱ्याने इथेही वाकडं लावून ठेवलंय" म्हणायचा. ही टेप सरळ फिरलेली होती. व्हॅनला रंग देऊन नवा बंपर बसवला, त्या दिवशी तो बायकोच्या उशाशी दवाखान्यात बसला होता. "तू काळजी करू नकोस, दोन मिनिटांचं काम, मी केलं," असं थोरल्याने फोनवर सांगितलं होतं.

वळताना हॉर्न वाजवणारी जीप, वायपर लावला की बंद पडणारी डॉक्टरांची गाडी, थोरल्याने केलेलं असलं सगळं आजवर डावऱ्याच्याच नावावर जमा होतं. लोक हसले, तोही हसला. हसण्यावारी जाण्यासारखं होतं तेव्हा.

त्याने जॉइंट कापून खिशात टाकला, पत्रा खरवडला, नवी वायर कसली. ब्रेक दाबताच मागची भिंत लाल झाली. कुणालाही आनंद झाला नाही.

"भाऊ," बाई म्हणाली, "तुमचं काम म्हणून मी कधी खाली वाकूनसुद्धा बघितलं नाही."

"हं."

"पोराची आई विचारतेय, हे केलं कोणी. मी काय सांगू तिला? चला तुम्ही. मला एकटीला त्या दारात उभं राहवत नाही."

"जाईल की," थोरला म्हणाला. "दोन शब्द ऐकले तर अंगाला भोकं पडत नाहीत. काय रे?"

डावऱ्याने चिंधीला हात पुसले. एकेक बोट पुसलं. कानात आई बोलायला लागली होती. तिला त्याने मध्येच तोडलं नाही. तिचं बोलणं पुरतं संपेपर्यंत तो खाली मान घालून उभा राहिला. मग खिशातला तुकडा काढून त्याने बॉनेटवर, तिघांच्या मध्ये ठेवला.

"येतो, ताई," तो म्हणाला. "दादा, तूही चप्पल घाल. ही टेप उजव्या हाताने गुंडाळलेली आहे."