डॉक्टरांचं पहिलं नाणं

दातांच्या डॉक्टरांनी दवाखाना लेकीच्या हाती सोपवला, तेव्हा विचारणाऱ्या प्रत्येकाला एकच उत्तर दिलं, "लोकांच्या तोंडात किती वर्षं बघत बसायचं? पुरे झालं." ऐकणारे हसत. खरं कारण उजवा हात होता. नाजूक कामात तो मधेच थरथरू लागला होता. बायकोला हे ठाऊक होतं, लेकीला तर तिच्याही आधीपासून, पण घरात त्या हाताचा विषय कुणी काढत नसे.

रिकामपण डॉक्टरांना काही मानवलं नाही. घरातल्या यच्चयावत बिजागऱ्यांना तेल पाजून झालं, कपाटं पुन्हापुन्हा लावून झाली, आणि मग ते बायकोने घासलेल्या भांड्यांत खोट काढू लागले.

"यांना काहीतरी उद्योग लाव बाई," बायको लेकीला म्हणाली. "नाहीतर मीच दवाखान्यात येऊन बसते."

लेकीने एका संध्याकाळी मातीने माखलेल्या चकत्यांची पुडी त्यांच्यासमोर ठेवली. "रोमन नाणी आहेत, बाबा. पार जुनी. साफ न केलेली म्हणून स्वस्तात मिळाली. आत कुठला राजा बसलाय, ते ज्याचं त्याने शोधायचं."

"मला वाटलं, कुणाच्या बुटाखालून खरवडून आणलीस."

असं म्हणत पुडी मात्र त्यांनी जवळ ओढली. नाणी शुद्ध पाण्यात भिजत घालायची, पाणी बदलत राहायचं, माती मऊ झाली की भिंगाखाली धरून हळूहळू काढायची, एवढंच लेकीला जुन्या नाण्यांच्या दुकानात सांगितलं होतं. भिंग, दिवा, हत्यारं, सगळं डॉक्टरांकडे जय्यत तयार होतं.

मातीखाली हिरवट काळा थर लागला. तो काही त्यांना बघवेना. ज्या माणसाने जन्मभर कुणाच्या दातावर कीटणाचा कण राहू दिला नाही, तो इथे कसला थांबतोय? बाकदार हत्यार घेऊन ते खरवडत सुटले. आणि हात जरासुद्धा हलला नाही. जेवायला दोनदा हाक आली, तीही त्यांनी कानाआड केली. इतके खुशीत ते कित्येक महिन्यांत नव्हते. शेवटी नाणं नव्या भांड्यासारखं लखलखलं. त्यावर राजा तेवढा नव्हता. दोन्ही बाजूंना नुसते खड्डे होते.

नाणं खिशात टाकून ते दुकानात गेले. दुकानाच्या बाई पूर्वी शाळेत इतिहास शिकवायच्या. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं.

"राजा कुठे गेला?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्हीच काढून टाकलात. आतलं तांबं कधीच खराब झालेलं असतं, डॉक्टर. चेहरा उरतो तो त्या हिरव्या थरात."

"म्हणजे कीटण ठेवायचं?"

"माती काढायची, हिरवं ठेवायचं. आणि शंका आली की हात थांबवायचा. वाईट वाटून घेऊ नका, मी तर सुरुवातीला मूठभर नाणी लिंबू चोळून घालवलीत."

डॉक्टर घरी येईपर्यंत धुसफुसत होते. किडलेलं सगळं काढायचं, हाती घेतलेलं अर्धवट सोडायचं नाही, यावर त्यांचा दवाखाना उभा राहिला होता. लेक शिकत होती तेव्हा तिलासुद्धा त्यांनी कधी अर्ध्यावरून उठू दिलं नव्हतं.

तरी दुसरं नाणं त्यांनी बाईंच्या सांगण्याप्रमाणे घेतलं. बऱ्याच दिवसांच्या भिजण्यानंतर माती सुटत गेली, आणि हिरव्या थरावर आधी हनुवटी उमटली, मग नाक, मग कपाळावरची मण्यांची पट्टी. आता डोळा राहिला होता. हत्यार डोळ्याशी नेलं आणि हात थरथरला.

त्यांनी श्वास रोखला, डाव्या हाताने मनगट घट्ट धरलं. थरथर थांबेना. अजून जरा रेटलं असतं, तर कदाचित जमलंही असतं. कदाचित राजा आंधळा झाला असता. डॉक्टरांनी हत्यार खाली ठेवलं आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिले.

दवाखाना बंद करून लेक आली, ती सरळ टेबलाशी वाकली. "नाक काय सुरेख आलंय, बाबा. मग डोळाच का ठेवलात?"

दिव्याचा उजेड कमी पडतो, चष्म्याचा नंबर वाढलाय, सबबी अगदी जिभेवर होत्या.

"हात हलायला लागला," ते म्हणाले. "म्हणून ठेवलं."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. खुर्ची ओढून लेक त्यांच्या शेजारी बसली. डॉक्टरांनी हत्यार उचललं आणि दांड्याची बाजू तिच्यापुढे केली.

"डोळा तेवढा तू कर," ते म्हणाले. "घाई करू नकोस. कुठे थांबायचं, ते मी सांगतो."