चौऱ्याहत्तरावा नंबर

माझी बायको पोकरमध्ये तोट्यात होती, हे तिच्या भावाने मला लॅपटॉप उघडून दाखवलं. तिला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

हा भाऊ तिच्यापेक्षा लहान. आता टक्कल पडलं तरी घरात सगळे त्याला बारक्याच म्हणतात. विमा कंपनीत आहे. कोण किती वर्षं जगेल याचे अंदाज बांधणं हे त्याचं काम. माझं काम जुन्या सोफ्यांना नि खुर्च्यांना नवीन कापड चढवायचं. त्या दुपारी तो माझ्या वर्कशॉपमध्ये आला आणि अर्धवट उसवलेल्या सोफ्यावर बसला. स्प्रिंग टोचेल म्हटलं, तरी बसला.

विषय फोटोचा होता. बायको दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसायची आणि रविवारी पत्त्यांच्या हॉलमध्ये टूर्नामेंट खेळायची. फी भरली की सगळ्यांना सारख्या चिप्स, म्हणजे खेळायच्या चकत्या, मिळतात. संपल्या की उठायचं. शेवटी जे दहाबारा जण उरतात त्यांना बक्षीस, आणि त्यातला मोठा वाटा पहिल्याला. सहा वर्षं खेळली, एकदा पहिली आली. हॉलच्या मॅनेजरबाईंना तिचा फोटो भिंतीवर लावायचा होता, खाली ‘आमची विजेती’ असं लिहून. तो न्यायला त्या संध्याकाळी येणार होत्या.

“फोटो द्यायचा नाही, दाजी,” बारक्या म्हणाला. “ताई तिथे हरत होती. आणि हे तिला विजेती म्हणून टांगणार, नवीन गिऱ्हाईक ओढायला.”

“हरत होती हे तुला कोणी सांगितलं?”

“गणिताने.” त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. “तिचे सगळे निकाल हॉलच्या वेबसाइटवर आहेत. एकशे बावन्न टूर्नामेंट. समजा, त्यांच्या चिठ्ठ्या करून डब्यात टाकल्या. एक काढायची, नंबर आणि बक्षीस टिपायचं, चिठ्ठी परत डब्यात. असं एकशे बावन्न वेळा केलं की ताईची सहा वर्षं पुन्हा एकदा खेळून झाली. अशी सहा वर्षं मी दहा हजार वेळा खेळवली.”

“एवढ्या चिठ्ठ्या कोणी काढल्या?”

“कॉम्प्युटरने, दाजी. अर्ध्या मिनिटात.”

त्याने बटण दाबलं. डावीकडच्या एका ठिपक्यातून रेघा निघाल्या आणि पसरत गेल्या. शिवण उसवली की दोरे सुटतात तशा. काही वर गेल्या, बऱ्याचशा खाली.

मी बघत राहिलो. यातली प्रत्येक रेघ म्हणजे ती होती. दहा हजार वेळा तिने केस बांधले, उशी काखेत मारली, ‘जेवून घ्या, माझी वाट बघू नका’ म्हणाली आणि दार ओढून घेतलं. हॉलमधल्या खुर्च्या कडक, म्हणून ती उशी मीच करून दिली होती.

“दहातल्या सहा वेळा तोटा,” बारक्या म्हणाला.

“आणि उरलेल्या चार वेळा?”

“नफा. पण...”

“ही सगळ्यात वरची रेघ कशी काय गेली एवढी वर?”

“त्या वेळी पहिल्या नंबरची चिठ्ठी चारदा निघाली. नशीब.”

“आणि ही तळाची?”

“तिच्यात एकदाही निघाली नाही.”

“ते नशीब नाही?”

बारक्याने टकलावरून हात फिरवला. “दाजी, तुम्ही वाद घालताय.”

“घालतोय. तू तिच्यावर शिक्का मारतोयस, मी गप्प बसू का? तिचे निकाल दाखव. सगळ्यात शेवटचा वाच.”

“एकशे बारा जणांत चौऱ्याहत्तरावी. म्हणजे तोटाच.”

“तारीख वाच.”

त्याने वाचली. मग पुन्हा वाचली, या वेळी मनातल्या मनात.

ती शुक्रवारी गेली. हा निकाल त्यानंतरच्या रविवारचा. फी तिने सोमवारीच भरून ठेवली होती. हॉलला कळवायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. तिथला नियम असा, की फी भरलेली असली तर माणूस येवो न येवो, त्याच्या जागेवर चिप्स मांडतात. त्याचे पत्ते वाटतात आणि उचलून घेतात. प्रत्येक फेरीत सगळ्यांनी द्यायच्या चिप्स त्याच्या ढिगातूनही काढतात. ढीग संपला की तो बाद. मी तिची तिथे विसरून राहिलेली उशी आणायला गेलो तेव्हा मॅनेजरबाईंनी हे सांगितलं होतं. “आम्हाला माहीत नव्हतं हो,” असं तीनदा म्हणाल्या.

“मी सगळे निकाल एकदम उचलले,” बारक्या म्हणाला. “तारखा बघितल्याच नाहीत.” आयुष्यभर दुसऱ्यांच्या मरणाच्या तारखांवर पोट भरलेला माणूस, आणि बहिणीची तारीख त्याच्या नजरेतून सुटली. “थांबा, ही ओळ काढतो. एका ओळीने फारसा फरक पडणार नाही, पण काढतो.”

“राहू दे ती.”

“अहो, ती खेळलीच नव्हती त्या दिवशी.”

“म्हणूनच राहू दे. अडतीस माणसं तिच्या आधी उठून घरी गेली. चांगली धडधाकट, हातात पत्ते धरून बसलेली. त्यांच्या चिप्स रिकाम्या खुर्चीच्या आधी संपल्या.”

बारक्या हसला. खांदे हलेपर्यंत हसला. मग रुमाल काढला आणि तोंडावर धरून बसून राहिला. मी सोफ्याचे खिळे उपसत राहिलो.

“रविवारी घरी ये म्हणायचो तिला,” तो रुमालातूनच म्हणाला. “मुद्दाम रविवारीच बोलवायचो. एकदाही आली नाही.”

“सोमवारी यायची की.”

“सोमवारी मी दमलेला असायचो.”

“मग तू हॉलमध्ये जायचंस. शेजारी बसला असतास.”

त्याने नाक पुसलं.

“आता खरं सांग,” मी म्हटलं. “ऑफिसात कोणी एवढ्याशा आकड्यांवरून निकाल मागितला, तर सही करशील?”

“नाही.”

“किती लागतील?”

“या खेळात बक्षीस क्वचितच लागतं. निदान हजार टूर्नामेंट तरी हव्यात. दोन हजार असतील तर बरं.”

“तीही हेच म्हणायची. जिंकतेस का हरतेस, असं विचारलं की म्हणायची, हजार होऊ देत, मग सांगते. वर्षाला पंचवीस खेळायची. कर हिशेब.”

“चाळीस वर्षं.”

“तेवढी मिळायला हवी होती तिला. सहा मिळाली, आणि वर तुझ्याकडून निकाल.”

बारक्या उठून पाणी प्यायला आणि परत त्याच स्प्रिंगवर येऊन बसला.

मॅनेजरबाई आल्या तेव्हा उजेड होता. मी फोटो दिला. दवाखान्यातला, टेबलावर कोपर टेकून समोरच्याकडे रोखून बघणारी.

“विजेती लिहायचं नाही,” मी म्हटलं.

“का हो? जिंकल्या होत्या की.”

“एकदा. ते सांगून लोकांना फसवायचं नाही. शेवटचा निकाल लिहा. एकशे बारा जणांत चौऱ्याहत्तरावी. त्याची तारीख लिहा, आणि त्याच्यावर ती गेली ती तारीख.”

बाईंनी फोटो खाली ठेवला. “लोक विचारतील.”

“विचारू देत.”

“मालकांना आवडणार नाही. हे वाचून खेळायला कोण बसेल?”

“ज्यांना बसायचंय ते बसतील. ती बसायचीच ना? मालकांना नको असेल तर फोटो परत पाठवा. दुसरं काही लिहून तो लागणार नाही.”

बाईंनी बारक्याकडे बघितलं. भाऊ तरी शहाणा असेल, असं वाटलं असावं.

“दाजी म्हणतात तसंच लिहा,” बारक्या म्हणाला. “आणि आकडे नीट तपासून घ्या.”

फोटो पर्समध्ये घालून बाई गेल्या. बारक्याने लॅपटॉप मांडीवर ओढला. रेघा अजून तशाच होत्या.

“पुसू का?” त्याने विचारलं.

“पुन्हा चालव.”

“उत्तर तेच येणार, दाजी.”

“येऊ दे. ती शेवटची ओळ ठेवून चालव.”

त्याने बटण दाबलं. मी हातोडी खाली ठेवली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसलो.