शपथेतलं लेकरू

माझा भाऊ फिलाग्रोस मरताना पूर्ण शुद्धीत होता, हीच पंचाईत झाली.

भांडण त्यानंच उकरून काढलं होतं. शेजारच्या लाम्पोन कुंभाराच्या भट्टीचा धूर आमच्या अंगणात येतो, एवढ्यावरून दादा पिऊन त्याच्या अंगावर गेला आणि त्याची भाजून तयार झालेली मडकी फोडत सुटला. लाम्पोननं भट्टीतलं लाकूड उचलून हाणलं. ते डोक्यात बसलं. मग लाम्पोननंच त्याला पाठीवर टाकून रडत रडत आमच्या घरी आणलं. खोलीत आई आणि मी होतो. दादानं डोळे उघडले आणि स्वच्छ सांगितलं, "आई, लाम्पोनला मी सोडलं. आगळीक माझी होती."

आमच्या अथेन्समध्ये मरणाऱ्यानं मारणाऱ्याला असं सोडलं की विषय संपतो. मग बापालाही खटला भरता येत नाही.

दादानं जीव सोडला तशी आईनं लाम्पोनला ढकलून बाहेर काढलं आणि माझा दंड आवळला. "तू काही ऐकलं नाहीस."

"ऐकलं."

"जीभ हासडीन तुझी. त्यानं पाणी मागितलं, बाकी काही नाही. बाबांनासुद्धा हेच सांगायचं."

बाबांनी रिवाजाप्रमाणे, खुनाची खूण म्हणून, थडग्यावर भाला रोवला आणि लाम्पोनवर खुनाचा दावा ठोकला. लाम्पोन गल्लीभर ओरडत फिरला, की मला सोडलंय, त्याच्या बहिणीला विचारा. लोक हसले. बाईमाणसाची साक्ष खटल्यात विचारतो कोण?

खटल्याच्या दिवशी सकाळी बाबा निघाले. खुनाचे खटले चालतात त्या टेकडीवर डुक्कर, मेंढा आणि बैल कापून ठेवलेले असतात. फिर्याद करणाऱ्यानं त्या मांसावर उभं राहून शपथ घ्यायची. खोटी घेतली तर त्याचा, त्याच्या घराचा, त्याच्या लेकरांचा मुळासकट नाश. या शपथेला आमच्यात भले भले टरकतात. मी दारात आडवी उभी राहिले.

"बाबा, दादानं त्याला सोडलं होतं. मी कानांनी ऐकलंय."

"खोटारडी!" आई किंचाळली. "त्या कुंभारड्यावर डोळा आहे हिचा! सख्ख्या भावाच्या रक्ताची चाड नाही भवानीला!"

बाबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. "ओरडू नकोस. पोरगी खरं बोलतेय. मी खिडकीबाहेरच उभा होतो तेव्हा."

आईचा चेहरा पडला. "मी एवढे दिवस तोंड शिवून बसले, ते तुमच्यासाठीच ना? तुम्हाला ठाऊक नसतं तर शपथ खोटी झाली नसती."

"तुझा शहाणपणा ठेव तुझ्यापाशी. माझा पोरगा मातीत गेला आणि तो खुशाल मडकी घडवत बसणार? मरताना माणूस काहीही बरळतो."

"बरळला नाही तो," मी म्हटलं. "आणि शपथेत लेकरांचं नाव घ्यावं लागतं, बाबा. लेकरू म्हणून आता मीच उरलेय."

ते क्षणभर थांबले. वाटलं, आता वळतील, काठी ठेवतील, बसतील.

"तू काय, आज ना उद्या दुसऱ्याच्या घरी जाणारच," ते म्हणाले.

मी आईकडे पाहिलं. ती पुढे झाली. मला वाटलं, आता त्यांचे पाय धरेल. तिनं त्यांच्या खांद्यावरचं वस्त्र नीट केलं, टाचणी लावली आणि मला दारातून बाजूला ओढलं. त्या घडीला दोघंही माझ्या मनातून कायमची उतरली.

तरी मी मागोमाग गेले. टेकडीखाली, तिथल्या देवीच्या देवळाच्या कुंपणाला धरून उभी राहिले. वर लोक गप्प झाले आणि बाबांचा आवाज खणखणीत खाली आला. फिलाग्रोसनं कुणालाही सोडलेलं नाही, म्हणाले. खोटं असेल तर मी, माझं घर आणि माझी लेकरं मुळासकट नष्ट होवोत.

'माझी लेकरं' म्हणताना ते जरासुद्धा अडखळले नाहीत.