सुरीचं सांगायचं राहिलं

अब्दुल सत्तारच्या लिंबाला यंदा इतकं फळ धरलं की फांद्यांना बांबूचे टेकू द्यावे लागले, आणि ते टेकू मला जेवायला बसल्यावर खिडकीतून दिसतात. दोन घास खाल्ले की नजर तिकडे जाते, आणि तिसरा घास कडू लागतो. खोटं कशाला बोलू? मी जळत होतो.

मी खुशालराव. एकतीस वर्षं कृषी सहायक होतो, त्यातली चौदा मोर्शीला, संत्र्याच्या पट्ट्यात. तिथल्या भल्याभल्या बागवानांना मी झाडाचे रोग ओळखायला शिकवले. निवृत्त झाल्यावर अमरावतीत घर बांधलं आणि मोर्शीहून संत्र्याचं एक कलम आणून फाटकाजवळ लावलं. त्याच महिन्यात शेजारी सत्तार राहायला आला. बार्शीटाकळीचा शिंपी. पुढच्या खोलीत दोन मशिनी, मागे संसार, बायको शकीला ब्लाउजांना हुक लावते. माझं पाहून त्यानेही फाटकाजवळ लिंबू लावलं. तेव्हा त्याला पानांवरचा मावा कशाशी खातात हेही ठाऊक नव्हतं.

आता पाच वर्षांनी काय झालं होतं, तर कुणाच्या मिरचीची पानं चुरडली, कुणाच्या गुलाबावर भुरी आली, की लोक माझं फाटक ओलांडून त्याच्या फाटकाशी थांबायचे. तो पायाने मशीन चालवत सांगायचा, "टमाट्याचे खालचे पानं जमिनीले टेकू देऊ नका, करपा तिथूनच वर चढते. रोगट पान उकिरड्यावर नाई टाकायचं, जाळायचं. अन् एका झाडाची कात्री दुसऱ्याले लावाच्या आधी पुसून घ्या."

हे सगळं माझं होतं. शब्दन् शब्द माझा. वर तो म्हणायचा, "हे मी नाई सांगून राह्यलो, हे साहेबाचं ज्ञान हाय." लोक हसायचे. मला वाटायचं, हा मला चिडवतो. माणसाच्या पोटात एकदा दुखायला लागलं की त्याला स्तुतीसुद्धा टोमण्यासारखी ऐकू येते.

यंदा माझ्या संत्र्याला पहिल्यांदा फळ धरलं. अकरा फळं. माझ्या बायकोने, मनकर्णाने, ती रोज पाहून ठेवली होती आणि पहिलं फळ कुणाकुणाच्या घरी जायचं तेही ठरवलं होतं. पाच वर्षं मी कॉलनीला सांगत आलो होतो की थांबा, मोर्शीचं संत्रं काय असतं ते दाखवतो. त्या अकरा फळांवर माझी सगळी अब्रू टांगलेली होती.

आणि पोळ्याच्या आधी पंधरा दिवस त्या झाडाच्या खोडावर डिंक दिसला.

डिंक्या. खोडाची साल बुडापासून सडते आणि तिच्यातून डिंक पाझरतो. या एका रोगावर मी मोर्शीला शंभर तरी सभा घेतल्या असतील. आता तोच माझ्या फाटकाशी उभा राहिला, म्हणजे लोकां सांगे ब्रह्मज्ञान. कुणाला दिसू नये म्हणून मी सकाळी फिरायला जाणारे बाहेर पडण्याआधी तो डिंक फडक्याने पुसून टाकू लागलो. कारणही मला माहीत होतं. निवृत्तीच्या हौसेने मी झाडाभोवती टाइल्सचा ओटा बांधला होता, छान दिसावा म्हणून तो मातीने काठोकाठ भरला होता, आणि कलमाचा जोड त्या मातीत गाडला गेला होता. हे मला कळत होतं, पण ओटा फोडायचा म्हणजे कॉलनीसमोर चूक कबूल करायची.

अशातच एका दुपारी सत्तार लिंबं घेऊन आला. पिशवी मनकर्णाच्या हातात दिली आणि झाडाकडे पाहत उभा राहिला. शिंपीच तो, त्याची नजर आधी शिवणीवर जाते.

"साहेब, जोड कुठी गेला?"

"कायचा जोड?"

"कलमाचा. तुमीच तं सांगतलं होतं मले. शिंप्याच्या धंद्यात जोड दडवा लागते, झाडाच्या धंद्यात उघडा ठेवा लागते. नाईतर पाणी लागून खोड सडते म्हणे. या ओट्यात तो मातीखाली तं नाई गेला?"

मनकर्णा हसली. "आता सत्तारभाऊच साहेब झाले," ती मला म्हणाली. "तुमी बसा मशिनीवर."

ती गमतीत बोलली होती, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने दिलेल्या लिंबांचं सरबत तिने संध्याकाळी केलं. मी पोट ठीक नाही म्हणून घेतलं नाही.

दोन दिवसांनी सत्तार पुन्हा आला. त्याच्या कानामागे टेलरचा खडू होता. "साहेब, थोडं बोर्डोचं औषध करा लागते. फवाऱ्याचं माप सांगून द्या."

त्याच्या लिंबाच्या चार-सहा पानांवर खैऱ्या रोगाचे ठिपके आले होते. ते मी आठवड्यापूर्वीच पाहिले होते आणि पाहून बरं वाटलं होतं. म्हटलं, आता आला सरळ. मी त्याला माप सांगितलं. शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवायचं, मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओतायचं. फडक्याने गाळायचं. त्याच दिवशी वापरायचं, उरलं तर फेकून द्यायचं. तो खिशातल्या काळ्या अस्तराच्या तुकड्यावर खडूने लिहीत होता.

"अजून काई?" त्याने विचारलं.

अजून एक गोष्ट होती. मिश्रण तयार झालं की त्यात लोखंडी सुरी बुडवून पाहतात. सुरीवर तांबूस रंग चढला तर चुना कमी पडला, म्हणजे तो रंग चढेनासा होईपर्यंत चुन्याची निवळी घालत जायचं. कारण चुना जुना असला, त्याला हवा लागलेली असली, की माप बरोबर असूनही तो कमी पडतो आणि मोरचूद पानं भाजून काढतं. सगळ्या कृतीचा जीव या सुरीत असतो. मोर्शीला मी सभेला जाताना मनकर्णाच्या स्वयंपाकघरातली सुरी पिशवीत टाकून न्यायचो आणि ती दर वेळी ओरडायची.

"काई नाई," मी म्हणालो. "एवढंच."

तो गेला आणि मी स्वतःची समजूत घातली. खोटं तर मी काही सांगितलं नव्हतं. माप बरोबर होतं. चुना ताजा असला तर काही होणारही नाही. आणि नसला तर, होऊ दे एकदा. चार पानं भाजू दे. लोकांना कळू दे की ज्याचं काम त्याने करावं. मला त्या दिवशी फार दिवसांनी भूक लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही अकोल्याला गेलो. मनकर्णाच्या भावाच्या नातवाचं बारसं होतं, चार दिवस राहणं झालं. निघताना तिने झाडांना पाणी घालायला म्हणून फाटकाची किल्ली शकीलाकडे दिली. अकोल्यात लोक बाळाला पाहत होते आणि मी मनातल्या मनात सत्तारचं लिंबू पाहत होतो. कोवळी पालवी काळी पडलेली, फळांवर चट्टे, आणि तो मान खाली घालून माझ्या फाटकाशी उभा. पंगतीत मी दोन जिलब्या जास्त घेतल्या. मनकर्णाला वाटलं, माहेरचं जेवण मला आवडलं.

परत आलो तेव्हा ऑटो वळणावर असतानाच मी मान बाहेर काढली. सत्तारचं लिंबू हिरवंगार होतं. एक पान वाकडं झालेलं नव्हतं. मला खरंच वाईट वाटलं.

मग मनकर्णाने माझा दंड धरला. "अवो," ती म्हणाली, "आपल्या झाडाले काय झालं?"

माझ्या संत्र्याची पानं कडेने करपून गुंडाळली होती. कोवळे शेंडे काळे पडले होते. ओट्यावर सात हिरवी फळं पडलेली होती आणि वर राहिलेल्या चारांवर तांबूस डाग होते. खोडाला निळसर पांढऱ्या रंगाचा हात व्यवस्थित फिरवलेला होता, कापडाला काठ लावावा तसा सरळ.

सत्तार आपल्या फाटकातून बाहेर आला. मागे शकीला होती. त्याच्या हातात तो काळ्या अस्तराचा तुकडा होता.

"साहेब, माझंच काईतरी चुकलं," तो म्हणाला. "तुमी रोज पाह्यटे डिंक पुसत होते, मी नमाजाले जाता जाता पाहत होतो. म्हनलं, साहेबाले कंबरेचं दुखणं, वाकून फवारणं होत नसन. तुमी गावाले गेले की आपण करून ठेवू. पाच वर्ष तुमचं ऐकून लिंबू वाढवलं, एवढं तं आपल्या हातून व्हावं. पंप मागून आणला. आधी तुमचं झाड घेतलं, त्याले जास्त गरज होती. तोवर अंधार पडला. उरलेलं औषध तुमी सांगतल्यापरमाणे फेकून देलं."

"माप?" मनकर्णाने विचारलं. ती रडकुंडीला आली होती आणि रागावलीही होती.

"भाभी, मापात कसूर नाई." त्याने तो तुकडा पुढे केला. खडू पुसट झाला होता, तरी आकडे वाचता येत होते. "चुना तेवढा घरातलाच होता, मागच्या दिवाळीचा. मले वाटलं, चुना तो चुना."

"सत्तारभाऊ, तुमी कापडं शिवा," मनकर्णा म्हणाली. "झाडाले हात लावू नका कोणाच्या. पाच वर्ष वाट पाह्यली मी या फळाची."

शकीलाने पदर तोंडाला लावला. सत्तारने मान खाली घातली. अकोल्यात मी जे डोळ्यांपुढे आणलं होतं ते तंतोतंत समोर उभं होतं, फक्त झाड माझं होतं. आजूबाजूच्या दोन-तीन घरांतली माणसं बाहेर आली होती. मी नुसता गप्प राहिलो असतो तरी दुसऱ्या दिवसापासून सगळे पुन्हा माझ्याच फाटकाशी आले असते. मी गप्पच राहिलो.

मग मनकर्णाच म्हणाली, "पण मले एक सांगा. चुना जुना असला तं सुरीवर कळते ना? माझी सुरी नेत होते तुमी मोर्शीले. दर खेपी तांबडी करून आणत." ती सत्तारकडे वळली. "तुमी सुरी बुडवून नाई पाह्यली?"

"सुरी?" सत्तार म्हणाला. "कायची सुरी?"

त्याने त्या तुकड्याची मागची बाजू पाहिली. तिथे काही नव्हतं. मग दोघंही माझ्याकडे पाहू लागले.

सत्तारनेच मला वाट काढून दिली. "साहेब इसरले असन, भाभी. वय झालं. होते असं."

विसरलो म्हणालो असतो तर सगळं मिटलं असतं. तो शब्द माझ्या ओठावर आला होता. पण हा माणूस वाकून वाकून माझ्या झाडाचं खोड रंगवत असताना मी जिलब्या खात होतो, हे माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

"इसरलो नव्हतो," मी म्हणालो. "तू तुझ्या लिंबाले औषध मारणार हाय असं वाटलं मले. म्हणून नाई सांगतलं."

सत्तारने तो अस्तराचा तुकडा नीट घडी करून खिशात ठेवला, शकीलाला "चल" म्हणाला आणि घरात गेला. थोड्या वेळाने मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. मनकर्णाने ती सात फळं ओटीत गोळा केली. ती माझ्याशी त्या दिवशी बोलली नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सब्बल घेऊन ओटा फोडला. कंबर धरून धरून फोडला. लोक पाहत होते, पाहू दिले. माती ओढल्यावर कलमाचा जोड दिसला, त्याच्याखाली साल दोन बोटं सडलेली होती. ती तासून काढली. झाड जगेल की नाही हे मला तेव्हा सांगता येत नव्हतं, एकतीस वर्षांची नोकरी असूनही. मग मोरचूद आणि ताजा कळीचा चुना आणला, तीन बादल्या घेतल्या, स्वयंपाकघरातली सुरी घेतली आणि सत्तारच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो.

तो मशिनीवरून उठला. बाहेर आला. मी सांगत गेलो तसं त्याने केलं. पहिल्यांदा मी मुद्दाम चुना कमी घ्यायला लावला. सुरी बुडवली, वर काढली, पातं तांबूस झालं. त्याने ते उन्हात धरून बराच वेळ पाहिलं. मग थोडी थोडी निवळी घातली, पुसून पुन्हा बुडवली, पुन्हा काढली. चौथ्या वेळी पातं स्वच्छ निघालं.

त्याने सुरी फडक्याने कोरडी केली आणि मूठ माझ्याकडे करून परत दिली. "अजून काई राह्यलं असन तं आत्ताच सांगून टाका," तो म्हणाला, "खुशालराव."

पाच वर्षांत त्याने मला पहिल्यांदा नावाने हाक मारली. मी पायरीवर बसलो आणि राहिलेलं सगळं सांगू लागलो. त्याने कानामागचा खडू काढला, पण लिहिण्याआधी दर वेळी एकदा माझ्या तोंडाकडे पाहत होता.