चौथा कोपरा

तेपाएरुनं आईला थाप मारली होती, आणि एकदा थाप मारली की मोकळं होता येतं असं तिला वाटलं, तिथंच तिचं चुकलं. "कसलं कापलंयस गं?" असं अकाइतीनं विचारलं तेव्हा ती पटकन म्हणाली, "पानं आहेत, आई. वेलीची." झालं. आता टोकोरोआ गावातल्या आईच्या घरी, पुढच्या खोलीत चौघीजणी चार कोपऱ्यांना बसून ती पानं शिवत होत्या.

पानं कुठली आलीत! पिवळ्या कापडावर गर्द लाल कापडातल्या दोन बायका होत्या, उघड्या, एकमेकींना बिलगलेल्या. कापडाची चौघडी घालून एकदाच कातरलेलं, म्हणून उलगडल्यावर चारी कोपऱ्यांत तीच जोडी. दुरून वेलबुट्टी वाटावी; जवळ आलं की पाठ दिसावी, कंबर दिसावी, एकीचा हात दुसरीच्या मांड्यांमध्ये गेलेला दिसावा. तिवाएवाए, म्हणजे असं कापडावर कापड शिवलेलं पांघरूण, लग्नाच्या पलंगावर घालतात. त्याच्याखाली काय चालतं ते सगळ्या जगाला ठाऊक आहे, मग तेच वर दिसलं तर काय बिघडलं, असं तेपाएरुचं म्हणणं. शुक्रवारी ते हॅमिल्टनच्या कलादालनात टांगायचं होतं, आणि तिला ते आईच्या हातचंच हवं होतं. एकटीनं शिवलं तर ते नुसतं कापड, बायकांनी मिळून शिवलं तर तिवाएवाए. हे तिला आईनंच शिकवलेलं.

मग सांगून टाकायचं ना सरळ. पण नाही, धीर कुठून आणणार? सहा वर्षं ती वाइमारीबरोबर एका घरात, एका पलंगावर राहत होती आणि आई वाइमारीला "तुझी ती भाडेकरू" म्हणत होती. आई म्हणजे एकदा उठून गेली की परत न बसणारी बाई. सख्ख्या भावाशी अबोला धरला तो त्याच्या मयतापर्यंत. आपल्या कापडावरून ती अशीच उठून गेली तर, या एका भीतीनं पोरीच्या तोंडून वेलीची पानं निघाली होती.

शिवताना सगळं कापड कुणालाच दिसत नाही, यावर तिचा भरवसा होता. मांडीवर येईल तेवढंच आपलं, बाकीचं मधे गुंडाळलेलं. शिवून झालं की उलगडायच्या आत उचलायचं आणि गाडीत टाकायचं, असं तिनं ठरवलं होतं.

"माझ्या लग्नातल्या तिवाएवाएचे टाके पहिल्याच आठवड्यात उसवले," पोकोमावशी सांगत होती. शेजारची ही म्हातारी तोंडाची भलती सैल. "सासू म्हणाली, शिलाई कच्ची आहे. मी म्हटलं, शिलाईचा काय दोष, तुमचा मुलगा बघा."

चौथ्या कोपऱ्यातली तुआइने तोंडावर हात ठेवून हसली. नवरा चर्चच्या कारभारात, म्हणून तिला असं हात ठेवूनच हसावं लागे. अकाइती मात्र आज हसली नाही. मान खाली घालून ती टाका घालत होती.

"अकाइती, तुझ्या पोरीची कात्री बोथट झालीय गं," पोकोमावशी म्हणाली. "या पानाच्या टोकाला चिंध्याच लोंबतायत. आत दुमडून टाकते."

चिंध्या म्हणजे बोटं. सगळं कापड ज्या हातासाठी कापलं तो हात मावशी सुईच्या टोकानं आत ढकलत होती.

"राहू दे मावशी, मी करते ते."

"तू तुझं बघ. मला काय पानं शिवायला शिकवतेस?"

नको म्हणावं तर कारण सांगावं लागणार. गप्प बसावं तर हात गेला. तेपाएरु गप्प बसली. स्वतःची इतकी चीड तिला कधी आली नव्हती. तिनं हळूच आईकडे पाहिलं. आपल्या कोपऱ्यात आईची सुईही त्याच जागी, हातापाशी आली होती, पण ती काही दुमडत नव्हती. कात्रीच्या टोकानं तिनं दोन बोटांमधली खाच मोकळी केली, कड बारीक वळवली आणि एकेका बोटाभोवती टाके घालत गेली.

"पोको, उसव ते," अकाइती मान वर न करता म्हणाली.

"अगं, चिंध्या आहेत त्या."

"चिंध्या नाहीत आणि पानही नाही. हात आहे तो. माझ्या लेकीचा." तिनं कापडावर बोट ठेवलं. "ही करंगळी बघ, कशी वाकडी आहे. गाडीच्या दारात चेमटली तेव्हा मीच हिला उचलून दवाखान्यात पळाले होते. आणि आज मला सांगते, पानं आहेत."

तुआइनेनं मधली गुंडाळी ओढून आपल्या बाजूचं कापड उलगडलं आणि पाहत राहिली. मग तिनं सुई डबीत घातली.

"तुला कळलं होतं, तरी शिवत बसलीस?" तिनं अकाइतीला विचारलं.

"माझ्या मांडीवर होतं. कुठं टाकू?"

तुआइने उठली आणि चपला घालून निघून गेली. तिला कुणी थांबवलं नाही.

"आणि दुसरी कोण म्हणायची?" पोकोमावशीनं विचारलं.

"मला ठाऊक आहे. पण हिच्या तोंडून ऐकायचंय," अकाइती म्हणाली. "कापडावर एवढं कापलंस, तेपाएरु. जिभेला काय झालं?"

"वाइमारी," तेपाएरु म्हणाली. "माझं प्रेम आहे तिच्यावर. मला ती हवी असते, आई. रोज हवी असते."

अकाइतीची सुई थांबली. "लाज वाटत नाही म्हणाले तर खोटं होईल. वाटते मला. पण त्याहून संताप कशाचा आलाय माहितीय? आम्हाला आंधळ्या समजलीस. माझ्याच पोरीचं अंग माझ्या हातून शिवून घेतलंस, आणि मला सांगितलं नाहीस."

"चुकलं माझं." तेपाएरुला रडू फुटलं.

"आधी बोलली असतीस तर मी नीट शिवला असता," पोकोमावशी टाके उसवता उसवता पुटपुटली. "हात तर हात."

अकाइतीनं तुआइनेच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. तिथं कापड जमिनीवर लोळत होतं.

"त्या वाइमारीला शिवता येतं का?"

"बटणसुद्धा लावता येत नाही."

"मग येऊ दे, शिकेल. तिचंही अंग आहे ना इथं? आम्ही म्हाताऱ्यांनी शिवायचं आणि तिनं घरी बसायचं होय? लाव फोन."

तेपाएरुनं डोळे पुसले आणि फोन उचलला. आईनं पुन्हा मान खाली घातली होती.

"आणि तिला आधीच सांगून ठेव," ती म्हणाली, "आल्या आल्या माझ्याशी गोड बोलायला येऊ नको म्हणावं. मी अजून रागातच आहे."