नकटी नदी

भाटघर धरणाच्या फुगवट्यात गोरखची होडी चालायची. त्या दिवशी होडीत भोरच्या कॉलेजात भूगोल शिकवणारा श्रेयस होता आणि गोरखची बायको स्नेहल. धरणाला येऊन मिळणाऱ्या नदीला गावोगाव काय म्हणतात, ते श्रेयसला नकाशावर मांडायचं होतं. स्नेहलचं माहेर उगमाकडचं, म्हणून गोरखनंच तिला बरोबर घेतलं होतं. आता त्याला त्याचाच पस्तावा होत होता.

"वर डोंगरात नुसती झरी म्हणत्यात," स्नेहल सांगत होती. "आमच्या गावात आली की वाघजाई. पुढं मळ्यातनं जाती तिथं गवळण."

"गवळण का?" श्रेयसनं विचारलं.

"पावसाळ्यात पाणी दुधावानी फेसाळतंय न्हवं!" ती खळखळून हसली.

घरी चार शब्दांत बोलणं उरकणारी ही बाई परक्या माणसापुढं कशी खुलली होती! लग्न होऊन एवढी वर्षं झाली, हे हसू आपल्या वाट्याला कधी आलं? गोरख जोरजोरात वल्हं मारू लागला. पाणी श्रेयसच्या अंगावर उडालं, तरी तो तिचंच ऐकत होता.

नदी धरणात शिरते तिथं होडी आली.

"गोरखराव, या जागी नदीला काय म्हणतात?"

त्याला ठाऊक नव्हतं. "नकटी," तो फटकन म्हणाला. "नकटी नदी."

श्रेयसनं मोबाईलवर लिहून घेतलं. स्नेहलचा चेहरा पडला. परतताना ती तोंड फिरवून पाण्याकडं बघत बसली. गोरखला ते बरंच वाटलं.

श्रेयस गेल्यावर, घरी पोचताच मात्र तिनं विचारलं, "नकटी कोण म्हणतंय तिला?"

"म्या म्हणतो."

"राग माझा, आन् नावं नदीला ठेवता व्हय?"

"त्याच्यासंगं लई बोलत हुतीस."

"त्यानं इचारलं म्हून बोलले. तुमी कधी इचारलंत?"

ती भाकऱ्या थापायला गेली. गोरख अंगणात घुटमळला. मग त्यानं श्रेयसला फोन लावला. "सर, ते नाव खोडा. म्या खोटं सांगितलं."

"मग खरं काय?"

गोरख चुलीपाशी गेला. "त्या जागेला काय म्हणत्यात गं?"

"माघारी," स्नेहल तव्यावरची नजर न काढता म्हणाली. "पोरगी सासरी निघाली की म्हायेरची माणसं तिथवर येत्यात. तिला होडीत बसवून माघारी फिरत्यात. माझी आई बी तिथनंच फिरली."

तिच्या पाठवणीच्या दिवशी वल्हं गोरखच्याच हातात होतं. नव्या नवरीकडं बघायच्या नादात काठावर कोण उभं होतं, हे त्यानं पाहिलंच नव्हतं.

"माघारी," त्यानं फोनवर सांगितलं.

"वा! वहिनींना फार माहिती आहे हो. रविवारी पुन्हा येऊ का?"

"तिला सवड न्हाई," म्हणत गोरखनं फोन ठेवला.

"काय म्हणत हुते सर?" स्नेहलनं विचारलं.

"काय न्हाई." तो चुलीपुढं बसला. "त्या झरीपाशी तू लहानपणी जायचीस का?"

तिनं त्याच्याकडं रोखून पाहिलं. अजून राग गेला नव्हता. "आधी जेवा," ती म्हणाली आणि भाकरी त्याच्या ताटात टाकली.