संध्याकाळचे पेशंट

मोफत दवाखान्यात तिला सगळे आकडेबाई म्हणत. हे नाव तिच्या थोरल्या बहिणीने पाडलेलं, आणि तेही कौतुकाने नव्हे. ताई त्या दवाखान्यातली जुनी नर्स. धाकटी जिथे आकडेमोड करायची ती विमा कंपनी बंद पडली आणि ती घरात दिवसचे दिवस भिंतीकडे बघत बसायला लागली, तेव्हा ताईनेच तिला दंडाला धरून इथे आणलं. "आमच्या कॉम्प्युटरात नुसता सावळागोंधळ आहे. तेवढा निस्तर. रिकामं डोकं बरं नव्हे."

बस डेपोच्या मागच्या जुन्या गोदामात पडदे लावून दवाखान्याच्या खोल्या केल्या होत्या. आत डॉक्टर कुणावर ओरडले की बाहेर बाकावर बसलेले सगळे आपापलं पथ्य आठवून गप्प होत. डॉक्टर म्हातारे, निवृत्त झाल्यावर इथे फुकट बसत. मधुमेहाच्या पेशंटांना ते रागावत, पण सोडत नसत. दवाखाना चालवणाऱ्या संस्थेचे असे आणखी काही दवाखाने होते. दरवर्षी सगळ्यांच्या पेशंटांची साखर किती खाली आली याची तुलना व्हायची आणि त्यात या गोदामाचा नंबर नेहमी वर असायचा. डॉक्टरांना त्याचा अभिमान होता. बोलून दाखवत नसत एवढंच.

आकडेबाईने नोंदी साफ करायला घेतल्या. एकाच बाईची तीन नावं निघाली. एका आजोबांचं वजन उंचीच्या रकान्यात गेल्यामुळे कॉम्प्युटरच्या हिशेबी ते गुडघ्याएवढे झाले होते. ताईला हसू आवरेना. मग एके दिवशी आकडेबाईने पेशंटांना राहत्या जागेप्रमाणे वेगळं करून पाहिलं, आणि दोघींचं हसणं थांबलं.

डेपोजवळच्या नाल्याच्या अलीकडे राहणाऱ्यांची साखर छान खाली येत होती. पलीकडच्या वस्तीतले लोक एकदा यायचे, फार तर दोनदा, आणि मग नाहीसे व्हायचे. जे परत आले नाहीत त्यांची तपासणी नाही, आणि तपासणी नाही म्हणून ते सरासरीतही नाहीत. ती डॉक्टरांकडे गेली.

"डॉक्टर, आपला नंबर वर आहे तो अलीकडच्यांच्या जिवावर. पलीकडचे आपण मोजतच नाही."

डॉक्टर आधी चिडले. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला वाटायचं, बरं वाटलं म्हणून येत नाहीत."

दोघी बहिणी नाला ओलांडून गेल्या. पलीकडे कपडे धुण्याचे कारखाने होते. हॉटेलांच्या चादरी, इस्पितळांचे अंगरखे, सगळं तिथे धुऊन निघायचं. पहिल्याच कारखान्याच्या दारात इस्त्रीवाली भेटली. डॉक्टरांकडे एकदा येऊन गेलेली, चाळिशीतली, हडकुळी, तोंडाने फटकळ. तिच्या पावलाला फडकं गुंडाळलेलं होतं. यंत्रातलं उकळतं पाणी पायावर सांडलं तरी साखरेने बधिर झालेल्या पायाला ते कळलं नव्हतं. शेजारणीने ओरडून सांगितलं तेव्हा तिने खाली बघितलं होतं.

"दवाखान्यात का आली नाहीस गं?" ताईने विचारलं.

"तुमचा दवाखाना कधी उघडा असतो?"

"सकाळी."

"आणि मी कधी मोकळी असते? इथून सकाळी उठून गेले ना, तर दुसऱ्या दिवशी माझ्या जागेवर दुसरी उभी दिसेल तुम्हाला. तुम्ही लोक आजारी माणसाला बरं करता, पण कामावरच्या माणसाला करत नाही."

दोघी परत आल्या. डॉक्टरांपुढे आधी तोंड उघडलं ते ताईनेच. "संध्याकाळी उघडायचा दवाखाना. मी थांबेन."

आणि उघडला. सुरुवातीला दोनचार जणी आल्या, मग बाक पुरेनात. बायका कामाच्या ओल्या कपड्यांतच यायच्या आणि वजनकाट्यावर चढताना पदर पिळून घ्यायच्या. न जाणो, पाण्याचंही वजन धरतील. डॉक्टरांचा घसा बसला, पण चेहरा उजळला. इस्त्रीवालीच्या पावलाची जखम ताई स्वतः धुवायची. आधी तिच्यातून वास यायचा. मग तो गेला, आणि कडेने कोवळी गुलाबी कातडी धरू लागली. "तुझ्या बहिणीला सांग," इस्त्रीवाली ताईला म्हणाली, "माझा पाय तिच्या कॉम्प्युटरात घाल म्हणावं. फोटोसकट."

ताई त्या दिवशी घरी हे सांगताना इतकी हसली की धाकटीला वाटलं, त्या टोपणनावात मुरलेला आपल्या दोघींमधला जुना कडवटपणा आता संपला.

पण वर्ष संपत आलं आणि आकडेबाईने वर्षाचा हिशेब काढला. संध्याकाळच्या पेशंटांनी वर्षानुवर्षं अंगावर काढलेलं दुखणं सोबत आणलं होतं. कुणाचे डोळे गेलेले, कुणाचं मूत्रपिंड. त्यांची साखर उतरत होती, पण उतरूनही अलीकडच्यांपेक्षा कितीतरी वर होती. आता ते परत येत होते, म्हणून मोजलेही जात होते. दवाखान्याची सरासरी कोसळली होती.

ताईने तिला स्वयंपाकघरात गाठलं. "पलीकडच्यांचे आकडे पाठवू नकोस."

"म्हणजे?"

"म्हणजे कळतं तुला. आजवर नव्हते, यंदाही नसू देत. तेवढ्याने कुणाचं घर बुडत नाही. वर्षभराने पाठव, तोवर ते सुधारतील."

"ताई, लपवायचेच होते तर शोधले कशाला? मी सगळं समजावून लिहीन. अलीकडचे वेगळे, पलीकडचे वेगळे. कोण कुठून सुरू झालं आणि कुठवर आलं, ते दिसेल. माणसं आंधळी नाहीत गं."

"आंधळी नाहीत," ताई म्हणाली, "घाईत असतात."

धाकटीने सगळं खरं लिहिलं. तिने इतकं जीव ओतून कधीच काही लिहिलं नव्हतं.

संस्थेच्या अध्यक्षबाई स्वतः आल्या. वाईट बाई नव्हत्या. गोदामभर हिंडल्या, बाकावरच्या म्हातारीची विचारपूस केली, आणि मग पडद्याआड बसून अहवाल पुढे ओढला.

"तुम्ही शेवटच्या नंबरावर आलात."

"बाई, पुढचं पान बघा," आकडेबाई म्हणाली. "पलीकडच्यांची साखर सगळ्यांत जास्त उतरली आहे. आधी हे लोक आपल्या हिशेबातच नव्हते."

"मला पटतंय तुमचं," अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच पटलेलं दिसत होतं. "पण आम्हाला मदत करणारे पुढचं पान बघत नाहीत. त्यांना एकच आकडा समजतो. नंबर असा खाली राहिला तर दवाखानाच बंद होईल, मग अलीकडचेही गेले आणि पलीकडचेही. संध्याकाळ तूर्त थांबवू. आणि एक नियम करू. जे सलग दोनदा येणार नाहीत, त्यांचं नाव काढायचं. नाहीतर पटावर नुसती गर्दी राहते."

आकडेबाईने डॉक्टरांकडे पाहिलं. ते स्टेथोस्कोपची नळी बोटाला गुंडाळत होते. "डॉक्टर, बोला ना."

"काय बोलू?" ते म्हणाले. "सकाळचे पेशंटही माझेच आहेत."

संध्याकाळी दाराला कुलूप लागलं. पहिल्या आठवड्यात बायका येऊन बाहेर उभ्या राहायच्या. ताई बसस्टॉपवरून त्यांना सांगायला परत यायची. मग तिने मागच्या रस्त्याने जायला सुरुवात केली. आकडेबाईने संस्थेला पत्रं लिहिली. उत्तरं आली, ती गोड होती. ताई काही दिवस औषध आणि पट्ट्या घेऊन नाला ओलांडून गेली, पण कारखान्याच्या मुकादमाने तिला दारातूनच परतवून लावलं. मग ताईलाच कंबरदुखीने धरलं, आणि तेही सुटलं. सलग दोनदा न आलेल्यांची नावं काढायचं काम आकडेबाईकडे होतं. तिने ते केलं. पुढच्या वर्षी दवाखाना पुन्हा वर आला. अभिनंदनाचं पत्र डॉक्टरांनी न वाचता खिशात घातलं.

आणि एका सकाळी इस्त्रीवाली आली. एका हाताला आधाराला तिची जाऊ, दुसऱ्या काखेत कुबडी. पाय गुडघ्याखाली नव्हता. मोठ्या इस्पितळात कापला होता. बाकावरच्या लोकांनी सरकून जागा केली. ताईच्या हातातला ट्रे खणकन टेबलावर पडला.

"आता सकाळी यायला मोकळी आहे मी," इस्त्रीवाली म्हणाली. टोमणा असावा म्हणून आकडेबाईने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पण तो टोमणा नव्हता. ती खरंच सांगत होती. काम सुटलं होतं.

कॉम्प्युटरात तिचं नाव नव्हतं. "नवीन पेशंट म्हणून घे," ताई हळूच म्हणाली.

आकडेबाईने नवीन नोंद उघडली. वय विचारलं, पत्ता विचारला. इस्त्रीवालीने दोन्ही सांगितलं. मग म्हणाली, "माझं आधीचं होतं की तुमच्याकडे. तुम्हीच लिहिलं होतं."

"हो," आकडेबाई म्हणाली. "होतं." आणि तिने पुढचा रकाना उघडला. डॉक्टर पडद्याआडून बाहेर आले, इस्त्रीवालीपुढे जमिनीवर बसले आणि तिचा उरलेला पाय हातात घेऊन बोटं एकेक दाबून पाहू लागले. "हे कळतंय का? आणि हे?" ती दर वेळी मान हलवत होती. नाही. नाही.

दोघी बहिणी घरी निघाल्या. डेपोच्या भिंतीपाशी ताई म्हणाली, "त्या वेळी तू ते आकडे पाठवले नसतेस, तर..."

"तर पाय राहिला असता," धाकटी म्हणाली.

ताईने तिच्याकडे पाहिलं. नाही गं, असं काही नाही, असं म्हणायला तिने तोंड उघडलं. म्हणाली मात्र नाही. बस आली, आणि दोघी चढल्या.